इन्स्टॉल झालंय, मग टर्मिनलला सापडत का नाही?

सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश झालं, टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून नाव टाइप केलं आणि समोर आलं ‘कमांड नॉट फाउंड’. इथे बहुतेक मंडळी एकच गोष्ट करतात. अनइन्स्टॉल, परत इन्स्टॉल. पुन्हा तोच संदेश. मग मशीन रीस्टार्ट. मग ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. मग मला फोन.

मी कराडला असते. जुनी मासिकं, दिवाळी अंक, वाचनालयांची दप्तरं स्कॅन करून त्यातला मजकूर ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या तंत्राने, काढून देते. हेच काम स्वतः करू पाहणारे निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, पीएचडी करणारी मुलं यांचे फोन सतत येत असतात, आणि त्यातले निम्मेअधिक याच एका तक्रारीचे. म्हणून माझी उदाहरणं टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमची आणि त्याच्या सोबत्यांची असतील. तुमचं पॅकेज दुसरं असलं तरी वाट तीच.

कमांड मी फोनवर सांगते तशाच उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि मुद्दाम सांगितलं नसेल तर सगळी लहान लिपीत. फक्त ‘पाथ’ हा शब्द लिनक्स-मॅकवर चारही अक्षरं कॅपिटल: पी-ए-टी-एच. विंडोजला लहान-मोठ्याचा फरक पडत नाही.

सगळ्यात आधी एवढं डोक्यात पक्कं करा: पॅकेज मशिनवर असणं आणि ते टर्मिनलला सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुन्हा इन्स्टॉल केल्याने पहिली गोष्ट दुसऱ्यांदा होते. दुसरी जिथल्या तिथे राहते.

संदेश अक्षरशः वाचा

‘एरर येतोय’ एवढ्यावर काही सांगता येत नाही. काय लिहून आलंय ते शब्दन् शब्द वाचा, कारण दिसायला सारख्या चार तक्रारींची कारणं चार असतात.

लिनक्सवरच्या बॅशचं किंवा मॅकवरच्या झेडशेलचं ‘कमांड नॉट फाउंड’, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टचं ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’, आणि पॉवरशेलचा लाल अक्षरांतला ‘द टर्म’ने सुरू होणारा परिच्छेद, हे तिन्ही एकाच जातीचे. शेलने (टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) शोधलं, त्या नावाचं काही मिळालं नाही. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर मात्र फाइल सापडली आहे, ती चालवायची परवानगी नाही. बॅशमध्ये लगेच ‘एको $?’ दिलं तर आकडाही मिळतो: १२७ म्हणजे सापडलं नाही, १२६ म्हणजे सापडलं पण चालवता आलं नाही.

‘नो मॉड्यूल नेम्ड’ ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची तक्रार आहे, टर्मिनलची नव्हे. आणि ‘एरर ओपनिंग डेटा फाइल’ असं टेसरॅक्ट म्हणत असेल तर अभिनंदन, टेसरॅक्ट सापडलंय आणि चालतंयही. फक्त मराठीची फाइल त्याच्याजवळ नाही. त्याचं पुढे बघू.

आणि हो, स्पेलिंग. टी-ई-डबल एस-ई-आर-ए-सी-टी. मराठी उच्चारावरून टाइप करणाऱ्याचा एक एस हमखास गळतो. फोनवर मी हे सगळ्यात आधी विचारते, आणि समोरचा माणूस दुखावतो, पण विचारते.

शेल शोधतो तरी कुठे

संपूर्ण डिस्क नाही. त्याच्याजवळ फोल्डरांची एक यादी असते, तिचं नाव पाथ. वाचनालयातल्या नव्या शिपायाला ‘या सात कपाटांत बघ’ असं सांगितलं की तो त्याच सात कपाटांत, त्याच क्रमाने बघतो. पहिलं जे पुस्तक मिळेल ते आणतो आणि समोरच्या टेबलावर पडलेल्या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहत नाही. शेल तसाच. टेबल म्हणजे तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभे आहात ते. लिनक्स, मॅक आणि पॉवरशेल तिथे आपणहून बघत नाहीत, म्हणून तिथली फाइल चालवायला नावाआधी टिंब आणि स्लॅश द्यावा लागतो. जुना कमांड प्रॉम्प्ट तेवढा आधी टेबल बघतो. एकाच मशीनवर एका खिडकीत चालतं आणि दुसरीत चालत नाही, त्यामागे पुष्कळदा हे असतं.

यादी बघायची असेल तर लिनक्स-मॅकवर:

एको $पाथ

फोल्डरांच्या मध्ये कोलन दिसेल. कमांड प्रॉम्प्टवर:

एको %पाथ%

इथे मध्ये सेमीकोलन. पॉवरशेलमध्ये ‘$एन्व्ह:पाथ -स्प्लिट ";"’ दिलं की एकेका ओळीवर एकेक फोल्डर येतं, डोळ्यांना बरं.

आता दोनच प्रश्न उरतात. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे? आणि ते फोल्डर या यादीत आहे का? दोन्हींची उत्तरं हातात आल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

विंडोजवर टेसरॅक्ट: सावकाश

टेसरॅक्ट मुळात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात तयार झालं, २००५ मध्ये खुलं झालं, पुढे गूगलने त्याला बरीच वर्षं आधार दिला. विंडोजसाठीचा नेहमीचा इन्स्टॉलर मात्र जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचं ग्रंथालय बनवतं. इन्स्टॉलर उत्तम आहे, पण तो पाथमध्ये स्वतःची नोंद करत नाही. विंडोजवरचे इतर पुष्कळ इन्स्टॉलर करतात, म्हणून लोकांना वाटतं सगळेच करतात.

मागे एका निवृत्त मुख्याध्यापकांशी झालेलं बोलणं जवळपास असं होतं.

“ताई, तीनदा टाकलं. ओळखतच नाही.”

“सर, आता चौथ्यांदा टाकू नका. काळी खिडकी उघडलीय ना? त्यात लिहा: व्हेअर टेसरॅक्ट.”

“‘कुड नॉट फाइंड फाइल्स’ म्हणतंय.”

“छान. म्हणजे यादीतल्या कुठल्याच फोल्डरमध्ये नाही. आता डिस्कवर शोधू.”

डिस्कवर शोधायची कमांड ही:

व्हेअर /आर सी:\ टेसरॅक्ट.ईएक्सई

थोडा वेळ लागतो, चहा ठेवा. पॉवरशेलमध्ये असाल तर नुसतं ‘व्हेअर’ चालणार नाही, तिथे तो शब्द दुसऱ्याच कामाला लावलेला आहे, ‘व्हेअर.ईएक्सई’ असं पूर्ण लिहा. उत्तर बहुधा दोहोंपैकी एक येतं. सगळ्या युजरसाठी टाकलं असेल तर

सी:\प्रोग्रॅम फाइल्स\टेसरॅक्ट-ओसीआर

आणि ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं असेल तर तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा\लोकल\प्रोग्रॅम्स या फोल्डरच्या आत. ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे, त्यामुळे ‘फाइल एक्सप्लोररमध्ये बघितलं, नाहीच’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही.

फाइल सापडली की यादीत घालण्याआधी ती पूर्ण पत्त्याने चालवून बघा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये मोकळी जागा आहे, म्हणून पत्ता दुहेरी अवतरणात:

"सी:\प्रोग्रॅम फाइल्स\टेसरॅक्ट-ओसीआर\टेसरॅक्ट.ईएक्सई" --व्हर्जन

पॉवरशेलमध्ये याच्या आधी ‘&’ हे चिन्ह आणि एक स्पेस. आवृत्ती छापून आली की इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे हे सिद्ध झालं. सरांचा सगळा त्रागा इथेच शांत झाला. त्यांना वाटत होतं मशीन बिघडलंय.

मग नोंद. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ शोधा, ‘एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट’ उघडा. वरच्या यादीत ‘पाथ’ निवडून ‘एडिट’, मग ‘न्यू’, आणि फोल्डरचा पत्ता चिकटवा. लोक इथे तीन प्रकारे घसरतात. एक, फोल्डरऐवजी शेवटी टेसरॅक्ट.ईएक्सईसकट पत्ता टाकतात. यादी फोल्डरांची आहे, फाइलींची नाही. दोन, ‘पाथ’ न उघडता बाहेरचंच ‘न्यू’ दाबून टेसरॅक्ट नावाचं नवं व्हेरिएबल तयार करतात, ज्याच्याकडे शेल बघणारच नाही. तीन, एका खिडकीला ओके करून बाकीच्या फुलीने बंद करतात. सगळ्या खिडक्यांना ओके.

आणि मग टर्मिनल बंद करून नवं उघडा. हे ऐच्छिक नाही. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना यादीची प्रत घेतो आणि बंद होईपर्यंत तीच वापरतो. आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनीच यादी धरून बसलेली असते. व्हीएस कोड या एडिटरच्या आतलं टर्मिनल तर व्हीएस कोडकडून प्रत घेतं, म्हणून नुसता टर्मिनलचा टॅब बंद करून भागत नाही. पूर्ण व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडायचा. विंडोज टर्मिनलच्या जुन्या आवृत्त्यांचंही तेच, नवा टॅब नको, सगळं ॲप बंद.

एवढ्यानंतर ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’ चालतं. लगेच दुसरी कमांड द्या:

टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज

त्यात ‘एमएआर’ दिसायला हवं. नसेल तर मराठीची फाइल आलेली नाही: इन्स्टॉलरमध्ये ‘ॲडिशनल लँग्वेज डेटा’च्या अधिकचं चिन्ह उघडून मराठीसमोर खूण करावी लागते आणि ती यादी बंदच असते. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर हे वेगळं पॅकेज आहे, टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर. मॅकवर होमब्रूचं (हे मॅकवर पॅकेजं आणणारं साधन) टेसरॅक्ट इंग्रजीपुरतंच येतं. बाकी सगळ्या भाषा टेसरॅक्ट-लँग या एका पॅकेजात. हा पाथचा घोळ नव्हे, पण दोन्ही गोष्टी लोक एका वाक्यात ‘चालत नाही’ म्हणून सांगतात.

पायथनवाल्यांसाठी

इथे घोळ दुहेरी आहे.

पहिला: ‘पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट’ केलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं आणणारी कमांड) म्हणजे टेसरॅक्ट आलं असं नाही. पायटेसरॅक्ट हा मध्यस्थ आहे. तो तुमच्या वतीने खऱ्या टेसरॅक्टला हाक मारतो. खरं टेसरॅक्ट मशीनवर नसेल किंवा पाथमध्ये नसेल तर ‘टेसरॅक्टनॉटफाउंडएरर’ येतो, आणि संदेशात दोन्ही शक्यता स्पष्ट लिहिलेल्या असतात, फक्त कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. पाथला हात लावायचा नसेल, उदाहरणार्थ कॉलेजच्या लॅबमधलं मशीन असेल, तर प्रोग्रॅममध्येच पायटेसरॅक्टच्या ‘टेसरॅक्ट_सीएमडी’ या व्हेरिएबलला पूर्ण पत्ता देता येतो. पीडीएफची चित्रं करणाऱ्या ‘पीडीएफटूइमेज’ची कथा तीच, त्याचा खरा कामकरी पॉप्लर.

दुसरा: पिपने एखादी कमांड आणली, समजा पीडीएफला ओसीआर लावणारी ‘ओसीआरमायपीडीएफ’, तर ती जाते कुठे? विंडोजवर पायथनच्या फोल्डरमधल्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये, लिनक्सवर, स्वतःपुरती टाकली असेल तर, होम फोल्डरमधल्या ‘.लोकल/बिन’मध्ये. ही फोल्डरं यादीत नसली तर पिप तेव्हाच पिवळ्या अक्षरांत इशारा देतो, ‘विच इज नॉट ऑन पाथ’, आणि फोल्डरचा पत्ताही देतो. ती ओळ वर सरकून गेलेली असते. वर जाऊन शोधा. तुमचं उत्तर तिथे लिहून ठेवलेलं आहे.

यादी न बदलता लगेच काम हवं असेल तर पायथनलाच सांगा:

पायथन३ -एम ओसीआरमायपीडीएफ

विंडोजवर ‘पीवाय -एम ओसीआरमायपीडीएफ’. पिपसाठीही मी हाच ढाचा वापरायला लावते: ‘पीवाय -एम पिप इन्स्टॉल’. कारण एका मशीनवर दोन-तीन पायथन असणं ही आता सामान्य गोष्ट आहे, आणि नुसतं ‘पिप’ म्हटलं की त्यांतल्या कुणाचा पिप धावून येईल सांगता येत नाही. ‘पीवाय -०पी’ दिलं की विंडोजवरचे सगळे पायथन पत्त्यांसकट दिसतात. तुमच्या ‘नो मॉड्यूल नेम्ड’चं मूळही इथेच असतं: पॅकेज गेलं एका पायथनच्या घरी, तुम्ही दार वाजवताय दुसऱ्याचं.

विंडोजवर नुसतं ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर दचकू नका. त्या नावाची एक पोकळ फाइल विंडोजने आधीच ठेवलेली असते, स्टोअरकडे पाठवायला. सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियसेस’ शोधून पायथनसमोरचे दोन्ही खटके बंद करा. आणि पायथनच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर तळाशी ‘ॲड पायथन.ईएक्सई टू पाथ’ असा चौकोन असतो, तो रिकामा येतो. तिथे खूण केली असती तर या परिच्छेदाची गरज पडली नसती.

उबुंटूवर एक गंमत आहे. ‘.लोकल/बिन’ला यादीत घ्यायचं काम होम फोल्डरमधली ‘.प्रोफाइल’ फाइल करते, पण लॉगिनच्या वेळी आणि तेही ते फोल्डर तेव्हा अस्तित्वात असेल तरच. पहिल्यांदा एखादी कमांड टाकली की फोल्डर नुकतं जन्माला आलेलं असतं, म्हणून यादीत नसतं. लॉगआउट करून परत लॉगिन करा, बस. लोक टर्मिनल दहा वेळा उघडून बंद करतात आणि उबुंटूला शिव्या देतात.

उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकूच देत नाहीत, ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवतात. बरंच आहे. कमांड म्हणून वापरायच्या वस्तूंसाठी पिपएक्स वापरा, आणि ते टाकल्यावर एकदा ‘पिपएक्स एन्शुअरपाथ’ द्या. नावाप्रमाणे ते यादीची काळजी घेतं. त्यानंतर टर्मिनल नवं.

पॅकेजचं नाव एक, कमांडचं दुसरं

लिनक्सवर हे फार. पॉप्लर-युटिल्स टाकलं आणि ‘पॉप्लर’ टाइप करत बसले, तर जन्मभर ‘नॉट फाउंड’. त्या पॅकेजातल्या कमांड आहेत पीडीएफटूटेक्स्ट, पीडीएफटूपीपीएम, पीडीएफइमेजेस. रिपग्रेपची कमांड ‘आरजी’. डीएनएसयुटिल्समधली ‘डिग’. डेबियन-उबुंटूवर ‘बॅट’ची कमांड होते ‘बॅटकॅट’ आणि ‘एफडी’ची ‘एफडीफाइंड’, कारण मूळ नावं दुसऱ्या पॅकेजांनी आधीच घेतलेली. टेसरॅक्टचं पॅकेजही ‘टेसरॅक्ट-ओसीआर’, कमांड नुसती ‘टेसरॅक्ट’.

अंदाज बांधू नका, पॅकेजलाच विचारा त्याने काय काय आणलंय:

डीपीकेजी -एल पॉप्लर-युटिल्स | ग्रेप बिन

यातला एल कॅपिटल. फेडोरावर ‘आरपीएम -क्यूएल’ आणि पॅकेजचं नाव. यादीत ‘/युएसआर/बिन/’च्या पुढे जे दिसेल ती कमांड. काहीच दिसलं नाही तर ते पॅकेज नुसती लायब्ररी आहे. त्यात चालवण्यासारखं काही नसतंच, आणि तुम्हाला हवं ते बहुधा ‘-युटिल्स’ किंवा ‘-टूल्स’ अशा शेपटीच्या भावंडात असतं.

डेबियनवर आणखी एक. स्कॅनची बाहेरची डिस्क जोडली, ‘एफडिस्क -एल’ दिलं, ‘कमांड नॉट फाउंड’. एफडिस्क आहे, पण ‘/युएसआर/एसबिन’मध्ये, आणि डेबियन ते फोल्डर साध्या युजरच्या यादीत ठेवत नाही. कमांडआधी ‘सुडो’ लावा, म्हणजे ती रूटच्या, मशीनच्या मुख्य प्रशासकाच्या, हक्काने चालते. रूट व्हायला ‘एसयू’ वापरत असाल तर ‘एसयू’पुढे स्पेस आणि एक आडवी रेघ द्या, डेबियन १० पासून रेघेशिवायच्या ‘एसयू’त तुमची जुनीच यादी राहते.

मॅक

थोडक्यात सांगते. होमब्रू ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये जातं, जुन्या इंटेल मॅकवर ‘/युएसआर/लोकल’मध्ये. दुसरी जागा यादीत आधीपासून असते, पहिली नसते. म्हणून नव्या मॅकवर होमब्रू टाकल्यावर शेवटी ‘नेक्स्ट स्टेप्स’ म्हणून ज्या ओळी येतात त्या कॉपी करून चालवायच्या असतात. न चालवता खिडकी बंद केली असेल तर हे द्या:

इव्हॅल "$(/ऑप्ट/होमब्रू/बिन/ब्रू शेलएन्व्ह)"

आत्तापुरतं चालेल. कायमचं हवं तर हीच ओळ होम फोल्डरमधल्या ‘.झेडप्रोफाइल’मध्ये. जुन्या लेखांत ‘.बॅश_प्रोफाइल’ सांगितलेलं असतं; २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचा शेल झेडशेल आहे, तो त्या फाइलकडे बघत नाही.

काल चालत होतं

कालपर्यंत चालणारी कमांड आज सापडत नाही तेव्हा आधी विचारा, मध्ये काय बदललं.

एपीटीने (डेबियन-उबुंटूच्या पॅकेजं आणणाऱ्या साधनाने) टाकलेलं जुनं ओसीआरमायपीडीएफ काढून पिपएक्सने नवं टाकलं, आणि त्याच टर्मिनलमध्ये ‘/युएसआर/बिन/ओसीआरमायपीडीएफ: नो सच फाइल’ आलं, तर बॅश जुना पत्ता पाठ करून बसलाय. ‘हॅश -आर’ द्या, विसरेल. एकाच नावाच्या किती प्रती आहेत ते ‘टाइप -ए’ आणि कमांडचं नाव दिलं की दिसतं. पहिली असते तीच चालते.

पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (एका कामापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनचं) फोल्डर दुसरीकडे हलवलं किंवा त्याचं नाव बदललं तर आतल्या कमांड मोडतात. प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण जुना पत्ता कोरलेला असतो. ‘बॅड इंटरप्रिटर’ किंवा नव्या बॅशमध्ये ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असं येतं, आणि फाइल तर डोळ्यांसमोर दिसत असते. दुरुस्तीच्या नादी लागू नका. ते फोल्डर टाकून द्या, नवं बनवा.

हाताने चालवल्यावर चालतं, पण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीतून) चालत नाही, ही तक्रार स्कॅनिंगवाल्यांची खास. दिवसभर पानं स्कॅन करायची, रात्री ओसीआर लावून द्यायचं, सकाळी फोल्डर रिकामं. क्रॉनला तुमची यादी ठाऊक नसते. त्याची स्वतःची अगदी तोकडी, डेबियन-उबुंटूवर ‘/युएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढीच. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या फाइलच्या, डोक्यावर ‘पाथ=’ लिहून सगळी फोल्डरं पूर्ण पत्त्यांनी द्या. तिथे डॉलर लावून जुनी यादी जोडायला जाऊ नका, क्रॉन ते उलगडत नाही, जसंच्या तसं घेतो. नुसता कमांडचा पूर्ण पत्ता देणंही दर वेळी पुरत नाही: मॅकवर ओसीआरमायपीडीएफ तुमच्या पत्त्याने उठतं, पण त्याला पुढे टेसरॅक्टला हाक मारायची असते, आणि ते होमब्रूच्या फोल्डरात, क्रॉनच्या यादीबाहेर.

‘सुडो’ लावल्यावर सापडत नाही, त्याचंही कारण वेगळी यादी. पण ओसीआरला सुडो लावायचाच कशाला? निघालेल्या फाइली रूटच्या नावावर होतात आणि मग त्या हलवताना नवी रडारड.

यादीच बिघडली तर

लिनक्सवर कायमची नोंद करायची ओळ अशी, ‘.बॅशआरसी’च्या शेवटी:

एक्स्पोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको, ‘होम’ही कॅपिटल, आणि शेवटचं ‘:$पाथ’ विसरायचं नाही. ते गाळलं तर जुनी सगळी यादी पुसली जाते आणि एकदम ‘एलएस’सुद्धा ‘कमांड नॉट फाउंड’ होतं. बघणाऱ्याला वाटतं सगळं सिस्टिम उडालं. काही उडालेलं नसतं. ‘एक्स्पोर्ट’ आणि ‘एको’ शेलच्या पोटातच असतात, त्यांना यादी लागत नाही. म्हणून हे लिहा:

एक्स्पोर्ट पाथ=/युएसआर/लोकल/बिन:/युएसआर/बिन:/बिन

मग ‘नॅनो ~/.बॅशआरसी’ करून ती ओळ नीट करा.

विंडोजवर तोच अपघात ‘सेटएक्स’ने होतो. इंटरनेटवर ‘सेटएक्स पाथ "%पाथ%;...’ असा नुस्खा जागोजागी आहे. तो वापरू नका. सेटएक्स १०२४ अक्षरांपुढचं कापून टाकतं, आणि सिस्टिमची यादी व तुमची यादी यांची खिचडी करून तुमच्या नावावर लिहितं. आधीच लांब यादी असेल तर शेपटीकडची फोल्डरं गेली.

गेलीच असतील, तर इथे मात्र मी वर सांगितलं त्याच्या उलट करा: जी काळी खिडकी घोळाच्या आधीपासून उघडी आहे ती बंद करू नका. तिच्यात जुनी प्रत शाबूत आहे. सेटएक्स जिच्यात दिलं तीसुद्धा चालेल, कारण सेटएक्स स्वतःच्या खिडकीतली यादी बदलत नाही. ‘एको %पाथ%’ द्या, आलेलं सगळं निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा, सेव्ह करा, आणि मग सेटिंग्जमधल्या पाथमध्ये गहाळ झालेली फोल्डरं एकेक करून परत भरा.